आभासी प्रयोगशाळा आणि मुंबई उपनगरांतील रसायनशिक्षण

विद्यार्थ्याने रसायनशास्त्र स्वहस्ते प्रयोग करून शिकावे, हा परिपाठ १८२४ मध्ये गीसेन येथे गेलेल्या लीबिगने रूढ केला. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय (१९४६) काय किंवा मुलुंडचे वझे-केळकर महाविद्यालय (१९८४) काय, उपनगरांतील विज्ञानशाखांनी तोच परिपाठ पुढे चालविला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली, सर्वसामान्यांसाठी लोकलगाड्याही थांबल्या, आणि या परिपाठात खंड पडला.

पर्याय अगदीच नवा नव्हता. केंद्र शासनाने २००९ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय मोहिमेतून पवईच्या आय.आय.टी.सह अनेक संस्थांनी आभासी प्रयोगशाळा उभारल्या होत्या. त्यांत अनुमापनाचा क्रम व गणित स्पष्ट होते, आम्लाचे भय नसते आणि प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो.

तथापि फिनॉल्फ्थॅलीनची फिकट गुलाबी छटा ज्या एका थेंबाने टिकून राहते, तेथेच तोटी बंद करण्यास बोटांना सराव लागतो. तो संगणकाच्या कळीने मिळत नाही. डोळा द्रवाच्या पातळीत नसल्यास ब्यूरेटचे वाचन चुकते. अशा चुकीचे मूळ स्वतःच्या हाता-डोळ्यांत शोधणे, हेच प्रात्यक्षिकाचे खरे शिक्षण होय.

यास्तव आभासी प्रयोग त्याज्य ठरत नाही; पूर्वतयारीसाठी त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र गुण देताना प्रयोगाचे ज्ञान व हाताचे कौशल्य यांची परीक्षा स्वतंत्रपणे घेणे इष्ट होय.