जाहिरातीतला बुद्धिबळपटू आणि प्रयोगशाळेतला

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बुद्धिबळाचा पट दिसला की पुढे काय येणार हे आपल्याला सहसा कळते. गंभीर चेहऱ्याचा, बहुधा चष्मा लावलेला पुरुष वजीर उचलतो, ठामपणे पुढे ठेवतो आणि ‘चेकमेट’ म्हणतो. समोरचा राजा आडवा होतो. मग विमा, बँक, संगणक किंवा स्मरणशक्तीचे औषध यांपैकी कशाचे तरी नाव झळकते. पुष्कळदा पटच चुकीचा मांडलेला असतो. खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर हवे, तिथे काळे असते. जाहिरातदाराला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याला बुद्धिबळ दाखवायचेच नसते. त्याला ‘बुद्धी’ दाखवायची असते.

हे चित्र कुठून आले आणि ते कितपत खरे आहे, हे आपण शिक्षकांनी तपासून पाहायला हवे. वर्गातल्या कोणत्या मुलापुढे पट मांडायचा, हे पुष्कळदा नकळत याच चित्रावरून ठरते.

पेटीतला माणूस

१७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे एक यंत्र आणले. एक मोठी लाकडी पेटी, तिच्यावर पट आणि मागे तुर्की पोशाखातला पुतळा. पेटीची दारे उघडून आतली दातेरी चाके लोकांना दाखवली जात. मग पुतळा स्वतःच्या हाताने मोहरी उचलून खेळू लागे आणि बहुतेक डाव जिंके. १८०९ मध्ये नेपोलियनही त्याच्याशी खेळून हरला. पुढे मेल्झेल नावाच्या माणसाने हा ‘तुर्क’ अमेरिकेत नेऊन त्याचे खेळ लावले. १८५४ मध्ये फिलाडेल्फियात लागलेल्या आगीत तो जळाला. खेळ चालू असताना पेटीत एक चांगला बुद्धिबळपटू दडून बसलेला असे!

लबाडी बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो. विणणारे किंवा वाजवणारे यंत्र पाहून लोक कौतुक करीत. बुद्धिबळ खेळणारे यंत्र पाहून मात्र हादरून जात. असे का? बुद्धिबळ म्हणजे विचारशक्तीचे शिखर, ही समजूत तेव्हाच पक्की झालेली होती. यंत्र इथे पोहोचले म्हणजे ते विचार करते, असे लोकांना वाटे.

ही समजूत सव्वादोनशे वर्षांनीही तशीच होती. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवले. हा सामना म्हणजे मानवी मेंदू विरुद्ध यंत्र अशी लढाई आहे, असेच वातावरण तयार झाले होते. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होते. पण बुद्धिबळाखेरीज त्याला काहीही येत नव्हते. कास्पारोव्हने पुन्हा सामना मागितला. कंपनीने तो दिला नाही आणि यंत्र निवृत्त केले. कंपनीच्या नावाचा बोलबाला तोवर जगभर होऊन गेला होता.

नवाबांपासून कॅप्सूलपर्यंत

आपल्याकडचे जुने चित्र याच्या उलट आहे. प्रेमचंदांच्या १९२४ च्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेत, आणि तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये काढलेल्या चित्रपटात, लखनौचे दोन सरदार डावात असे बुडालेले असतात की १८५६ मध्ये अवधचे राज्य इंग्रजांनी गिळले तरी त्यांना त्याची फिकीर नसते. इथे बुद्धिबळ हे बुद्धीचे नव्हे, रिकामटेकडेपणाचे आणि व्यसनाचे लक्षण आहे.

१९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि चित्र पालटले. १९९० च्या दशकात तो ‘मेमरी प्लस’ नावाच्या, ब्राह्मीपासून बनवलेल्या कॅप्सूलच्या जाहिरातीत दिसू लागला. परीक्षेच्या काळजीत असलेल्या पालकांना त्यातून काय उमगावे, हे स्पष्ट होते: बुद्धिबळ म्हणजे स्मरणशक्ती आणि स्मरणशक्ती म्हणजे गुण. खेळ तोच, नियमही तेच. पाहणाऱ्यांना ज्याचा धाक किंवा ज्याची हाव वाटली, ते त्यांनी पटावर पाहिले.

पाच सेकंदांचा प्रयोग

मग बुद्धिबळपटूची स्मरणशक्ती खरोखर असामान्य असते का? हा प्रश्न पहिल्यांदा शास्त्रीय रीतीने ज्यांनी हाताळला त्यांत बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने हा होता. पटाकडे न पाहता खेळणाऱ्यांच्या डोक्यात पटाचे जणू छायाचित्र असेल, असे त्याला वाटले होते. १८९४ च्या पुस्तकात त्याने निराळेच लिहिले. खेळाडूंना मोहऱ्यांचे रंगरूप फारसे ‘दिसत’ नव्हते. कोण कोणावर रोखलेला आहे, हे संबंध त्यांच्या ध्यानात राहत होते.

१९४६ मध्ये हॉलंडच्या आड्रिआन द ग्रोटने आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने मोठ्या खेळाडूंना मोठ्याने बोलत विचार करायला लावले होते. श्रेष्ठ खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार पुढच्या खेळ्या मोजत नव्हते. त्यांचे लक्ष चटकन योग्य जागी जात होते, इतकेच.

निर्णायक प्रयोग १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी केला. खऱ्या डावातली, वीस-पंचवीस मोहऱ्यांची स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने सुमारे १६ मोहरी बरोबर ठेवली, नवख्याने जेमतेम ४. मग तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली. आता निष्णात आणि नवखा सारखेच! दोघांनाही तीन-चारच आठवली. पुढच्या संशोधनात विखुरलेल्या मांडणीतही निष्णातांची थोडी सरशी दिसली, पण ती अगदी थोडी.

आपल्या भाषेतले उदाहरण घेऊ. ‘महाबळेश्वर’ हा शब्द आपण एका नजरेत वाचतो. तीच अक्षरे ‘ळेरहाश्वमब’ अशी लिहिली तर क्षणात विसरतो. आपली स्मरणशक्ती बदललेली नाही. पहिल्या वेळी ओळख कामी आली, दुसऱ्या वेळी ओळखण्याजोगे काही नव्हते. बुद्धिबळपटूचेही तसेच. वर्षानुवर्षे डाव पाहून, खेळून, तपासून त्याने हजारो रचनांची ओळख कमावलेली असते. निसर्गाची देणगी सर्वांना सारखी असते असे नव्हे, पण ही ओळख शिकल्याशिवाय कोणालाच येत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बुद्धिबळ शिकवल्याने मुलांचे गणित आपोआप सुधारते का? इंग्लंडमध्ये १०० शाळांतल्या सुमारे चार हजार मुलांवर मोठी चाचणी झाली. काही शाळांत वर्षभरात ३० तास बुद्धिबळ शिकवले. २०१६ च्या अहवालानुसार, वर्षानंतर त्या मुलांच्या गणितात इतरांपेक्षा फरक आढळला नाही. बुद्धिबळ शिकून बुद्धिबळ येते. आनंद, चिकाटी, हार पचवणे हे फायदे असतील, पण ‘बुद्धीचे टॉनिक’ म्हणून ते विकू नये.

पटापुढे कोण?

२०२० मधली ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका जगभर गाजली. कास्पारोव्हच्या सल्ल्यामुळे तिच्यातले डाव अचूक होते. तरी तिची छोटी नायिका गुंगीच्या गोळ्या घेते तेव्हा तिला छतावर मोहरी दिसू लागतात! जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांशी कधीच खेळली नाही, असेही तिच्यातल्या एका वाक्यात होते. वास्तविक १९६८ पर्यंत ती किमान ५९ पुरुषांशी खेळली होती. तिने खटला भरला आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे रोहिणी खाडिलकर १९७६ मध्येच, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली होती. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. चष्मेवाल्या गंभीर पुरुषाचे चित्र इथेही खोटे ठरते.

शाळेत चेस-सायमन यांचा प्रयोग करायला एक पट, एक फडके आणि एक घड्याळ पुरते. वर्तमानपत्रातल्या एखाद्या डावाची मधली स्थिती मांडा, पाच सेकंद फडके काढा आणि खेळणाऱ्या व न खेळणाऱ्या मुलांना ती पुन्हा मांडायला सांगा. नंतर मोहरी कशीही विखरून हेच करा. दोन्ही वेळचे आकडे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. ‘तो मुळात हुशारच आहे’ असे ज्याच्याविषयी सगळे म्हणतात, त्याचाही आकडा दुसऱ्या वेळी खाली आलेला वर्गाला दिसेल. मग आजवर पटापासून दूर बसलेल्या मुलांना पुढे बोलवा आणि प्यादे कसे चालते इथपासून सुरुवात करा.