नळावरची रांग आणि संगणकाची आज्ञावली

शाळकरी मुलांना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकविणे ही अगदी अलीकडची टूम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ह्या खटपटीला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या संशोधनसंस्थेत वॉली फॉयर्झिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी खास मुलांकरिता ‘लोगो’ नावाची संगणकभाषा सिद्ध केली. १९६८-६९ च्या शालेय वर्षात जवळच्याच लेक्सिंग्टन गावी, मझी ज्युनियर हायस्कूलमधील सातवीच्या १२ मुलांना ती शिकविण्यात आली. लोगोचे पुढे प्रसिद्धीस आलेले, रेघा ओढीत फिरणारे कासव तेव्हा जन्मासही आले नव्हते. मुलांपुढे होती ती कागदावर खडखडत अक्षरे उमटविणारी टेलिटाइप यंत्रे. आकड्यांऐवजी शब्दांशी खेळावे, हा त्या वर्गाचा विशेष होता. ‘लोगो’ हे नावही ‘शब्द’ ह्या अर्थाच्या ग्रीक पदावरून घेतलेले आहे.

संगणकाकडून कविता जुळवून घेऊ पाहणाऱ्या एका १३ वर्षांच्या मुलीची हकीकत पॅपर्टने १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथात सांगितली आहे. कोणता शब्द कोठे बसवावा हे यंत्रास कळावे म्हणून तिला शब्दांचे वर्ग पाडावे लागले, आणि नाम व क्रियापद ही प्रकरणे असतात तरी कशाला, हे तिला एकाएकी उमगले. व्याकरणाच्या तासाला जे साधले नव्हते, ते गरजेने साधले. पॅपर्टचे म्हणणे हेच होते. जिनिव्हात प्याजेच्या सहवासात काम केलेला हा गणिती सांगे की, दुसऱ्यास दाखविता येईल अशी वस्तू घडविताना मूल जे शिकते ते त्याच्या अंगी मुरते.

शाळांनी मात्र ह्या विचाराचे काय केले? संगणकाला वेगळी खोली दिली, वेगळा तास दिला, वेगळी परीक्षा दिली! १९९३ च्या आपल्या पुस्तकात पॅपर्टने ह्याबद्दल तक्रार केली आहे. भारतात १९८४ साली बीबीसी मायक्रो संगणक घेऊन सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेचाही मुख्य हेतू यंत्राची तोंडओळख हाच होता.

मुलाच्या वस्तीकडे लक्ष गेले ते शाळेबाहेर. १९९३ मध्ये बॉस्टनच्या संगणक-संग्रहालयात गरीब वस्त्यांतील १० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ उघडले. पुढे २०१० मध्ये गूगलने ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन लोकांपुढे आणले. ते लवकरच मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी ह्या संस्थेकडे गेले. पडद्यावरील ठोकळे एकमेकांत अडकवून मोबाइलची आज्ञावली रचण्याची सोय त्यात आहे.

हेच साधन मुंबईत धारावीतील मुलींच्या हाती पडले. चित्रपटकार नवनीत रंजन यांनी २०१४ साली तेथे सुरू केलेल्या उपक्रमातील शाळकरी मुलींनी संकटात सापडलेल्या स्त्रीसाठी एक ॲप तयार केले: धोक्याचा गजर करणारे आणि ओळखीच्यांस संदेश पाठविणारे. दुसरे ॲप सार्वजनिक नळावरच्या रांगेचे. घरातील पाण्याचा भार बहुधा मुलींवरच पडतो. तेव्हा पाळी आल्याची सूचना मोबाइलवर मिळावी, ही त्यामागची कल्पना.

प्रथमदर्शनी हे काम किरकोळ वाटेल. परंतु रांगेचा नियम यंत्राला सांगावयाचा तर तो आधी सांगणाऱ्याला नीट ठाऊक असावा लागतो. पाळी आलेली बाई वेळेवर पोहोचली नाही, तर पुढचीने किती थांबावे? ज्या घरी असला मोबाइल नाही, त्या घराचा नंबर कोणी लावावा? आजारी माणसाला आधी सोडावे काय? नळावर ह्या गोष्टी आवाज चढवून किंवा ओळखीपाळखीने मिटतात. यंत्राला मात्र ‘बघू या’ हे उत्तर चालत नाही. आज्ञावलीने नळाचे पाणी वाढत नाही, हे उघडच आहे. पण पाण्याची वाटणी कोणत्या नियमाने चालली आहे, हे ती लिहिणाऱ्या मुलीस स्वच्छ दिसते. नागरिकशास्त्राच्या धड्यात हा प्रसंग क्वचितच येतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावलीलेखन आणण्याचे ठरविले. गोवा सरकारने २०२१ मध्ये ह्याच इयत्तांसाठी ‘केअर्स’ ही योजना सुरू केली. यंत्रे येतील, शिक्षक तयार होतील; प्रश्न राहतो तो मुलांना काम कोणते द्यावयाचे हा. चेंडू उडविण्याचे खेळ कोठेही रचता येतात. गोव्यात खाजन शेती आहे. तिच्या बांधात भरतीच्या रेट्याने मिटणारे आणि ओहोटीस उघडणारे ‘मानस’ नावाचे दरवाजे आहेत. दरवाजा नादुरुस्त झाला की खारे पाणी शेतात शिरते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एवढे गणित सहावीच्या मुलास जमते. त्यावरून येत्या आठवड्याच्या वेळा आणि बांधाची पाहणी कोणी कधी करावी हे सांगणारी आज्ञावलीही जमेल. मात्र हिशेब आणि प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यासाठी वही घेऊन त्याला बांधावर जावे लागेल आणि दरवाजा सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला दोन प्रश्न विचारावे लागतील.