घराचा विमा : किंमत, विश्वास आणि निवड
(वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्यात 'विमा' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सोयाबीन उभे राहते. विम्याची मुदत, नुकसानीची सूचना, पंचनामा आणि खात्यात जमा झालेली अथवा न झालेली रक्कम हे येथील पारावरचे नित्याचे विषय आहेत. खरीप २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्याचा हिस्सा केवळ एक रुपया ठेवून पीक विमा घरोघरी पोहोचविला. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली तरी 'विमा' ही संकल्पना ग्रामीण मनात रुजली. परंतु ज्या घरात त्या सोयाबीनची पोती रचली जातात, ज्याच्या भिंतीला लागून कडब्याची गंजी आणि तुराट्यांचा ढीग असतो, त्या घराचा विमा क्वचितच उतरविला जातो. पीक एका हंगामाचे असते, तर घर बहुधा एका पिढीच्या बचतीतून उभे राहते. तरीही अल्पायुषी मालमत्तेला विमा आणि दीर्घायुषी मालमत्तेला नाही, अशी विसंगती का निर्माण झाली, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'लोकांमध्ये जागृती नाही' असे दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर अपुरे आहे. घराचा विमा आपल्या भागात कोणत्या मार्गाने आला, त्याची किंमत कोणी ठरविली आणि विमा कंपनीवर विश्वास ठेवण्याचा अथवा न ठेवण्याचा अनुभव कसा घडत गेला, हे इतिहासातून पाहिल्याशिवाय या विसंगतीचा उलगडा होत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आगीच्या व घराच्या विम्याच्या विकासाचे प्रमुख टप्पे अभ्यासणे.
२) विमाहप्ता ठरविण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) विश्वासार्ह विमा कंपनी निवडण्याचे निकष ऐतिहासिक अनुभवाच्या आधारे स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विमाविषयक कायदे, शासकीय निकष आणि प्रकाशित ग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

कापूस, कर्ज आणि आगीचा विमा :

प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इंग्रजी अमदानीत 'बासीम' हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम पुन्हा जिल्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला आलेल्या तेजीने या प्रदेशाचे अर्थकारण पालटले. कारंजासारख्या बाजारपेठा वाढल्या, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. रुई हा अत्यंत ज्वालाग्राही माल. एका ठिणगीने हंगामाची कमाई राख होण्याचा धोका गिरणी, गोदाम आणि बंदर अशा प्रत्येक टप्प्यावर होता.

भारतातील सर्वसाधारण विम्याचा प्रारंभ १८५० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ट्रायटन इन्शुरन्स कंपनीपासून मानला जातो. मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स कंपनी आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनी स्थापन झाली. या कंपन्यांचा व्यवसाय प्रामुख्याने जहाजे, गोदामे, कारखाने आणि व्यापारी माल यांच्याभोवती फिरत होता. याचे कारण उघड आहे. ज्या मालात दुसऱ्याचा पैसा अडकलेला असतो, त्याचा विमा आधी उतरविला जातो. गाठींवर उचल देणारी पेढी वा बँक आपल्या रकमेची हमी मागते. कुडाच्या भिंती आणि कवेलूंच्या छपराच्या घरावर असे कर्ज देणारे कोणी नव्हते, म्हणून त्याचा विमा उतरवा असे सांगणारेही कोणी नव्हते. आगीचा विमा कर्जाच्या वाटेने आला. घरमालकाच्या गरजेतून तो आला नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

विश्वासाची कसोटी (१९३८ ते १९७३) :

विमा हा वचनाचा व्यवसाय आहे. ग्राहक हप्ता आज देतो आणि कंपनी भरपाई पुढे केव्हातरी देणार असते. त्यामुळे कंपनी टिकेल काय, हा प्रश्न किमतीच्याही आधी येतो. १९३८ च्या विमा कायद्याने कंपन्यांवर सर्वंकष नियंत्रण आणले, तरी गैरव्यवहार थांबले नाहीत. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करताना तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी, मागील दशकात २५ आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि आणखी २५ कंपन्यांना आपला व्यवसाय इतरांकडे सोपवावा लागला, ही वस्तुस्थिती देशासमोर मांडली. पॉलिसीधारकाला कंपनीचा ताळेबंद वाचता येत नसेल तर त्याची फसवणूक किती सहज होते, हे त्या दशकाने दाखविले.

विम्याच्या मर्यादाही याच काळात स्पष्ट झाल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाला. त्या जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. आसपासच्या वस्तीची अपरिमित हानी झाली आणि भरपाईसाठी शासनाला त्याच वर्षी स्वतंत्र अध्यादेश काढावा लागला. मोठ्या आपत्तीत शेवटी सरकारच धावून येते, ही लोकसमजूत अशा प्रसंगांतून दृढ होत गेली.

१९७२ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ विमा संस्थांचे एकत्रीकरण करून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्या निर्माण करण्यात आल्या.

ठरलेले दर, नसलेली निवड (१९७३ ते २००६) :

आगीच्या विम्याचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ही वैधानिक समिती संपूर्ण देशासाठी ठरवीत असे. कोणत्याही कंपनीकडे गेले तरी समान धोक्यासाठी दर समान आणि पॉलिसीतील शब्दही समान. यात ग्राहकाचे संरक्षण होते, कारण स्वस्त दराच्या आमिषाने कंपन्या स्वतःला व ग्राहकाला बुडवू शकत नव्हत्या. परंतु तौलनिक निवड करण्याची सवय ग्राहकाला लागलीच नाही. विमा म्हणजे बँकेने कर्ज देताना कापून घेतलेली रक्कम, एवढाच त्याचा परिचय राहिला.

किल्लारीच्या भूकंपाने या व्यवस्थेतील पोकळी उघड केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड धाबे असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८,००० लोक मृत्युमुखी पडले. तत्कालीन भूकंप-नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. आगीच्या पॉलिसीत भूकंपाचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागत असे. जेथे धोकाच नाही असे मानले गेले तेथे ते कोण घेणार? पुनर्वसन झाले ते शासकीय निधी, जागतिक बँकेचे साहाय्य आणि स्वयंसेवी संस्था यांच्या बळावर. वाशीमकरांसाठी हा केवळ शेजारच्या विभागाचा इतिहास नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी लगतच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आहेत.

शासकीय मदत हा विम्याला पर्याय ठरू शकतो काय, हे आकड्यांवरून पडताळता येते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये, कच्च्या घरासाठी ४,००० रुपये, झोपडीसाठी ८,००० रुपये आणि गोठ्यासाठी ३,००० रुपये साहाय्य निश्चित करण्यात आले. ही रक्कम कुटुंबाला पहिले काही दिवस सावरण्यासाठी आहे. तीतून पूर्वीचे घर पुन्हा उभे राहत नाही.

दरमुक्ती आणि आजची किंमत :

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले, खाजगी कंपन्यांना प्रवेश मिळाला आणि १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मुक्त झाले. प्रत्येक कंपनी स्वतःचा दर ठरवू लागली. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झाले. तीत आग, भूकंप, पूर, वादळ, वीज पडणे, दंगल इत्यादी संकटांचा मूळ संरक्षणातच समावेश आहे. आज पॉलिसीचा मजकूर सर्वत्र समान असून किंमत मात्र कंपनीनिहाय भिन्न आहे. तुलना करणे यामुळे इतिहासात प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आहे.

किंमत ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जागेची किंमत त्यात धरावयाची नसते, कारण भूखंड जळत नाही. उदाहरणार्थ, ६०० चौरस फुटांचे घर आणि बांधकामाचा दर चौरस फुटास १,८०० रुपये धरल्यास विमा रक्कम १०,८०,००० रुपये येते. केवळ हिशेबासाठी हजारी ४० पैसे हा दर मानला तर करांव्यतिरिक्त वार्षिक हप्ता ४३२ रुपये होतो. घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते.

हप्ता वाचविण्यासाठी विमा रक्कम कमी लिहिण्याची प्रवृत्ती जुनी आहे. पारंपरिक पॉलिसीतील सरासरीच्या कलमानुसार १० लाखांच्या घराचा विमा ५ लाखांचा असेल आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर १ लाखच मिळतो. 'कंपनीने पैसे कापले' या तक्रारीमागे अनेकदा हे कलम असते. भारत गृह रक्षा पॉलिसीत ते लागू होत नाही, परंतु त्यासाठी क्षेत्रफळ आणि बांधकामाचा दर यांची माहिती खरी दिलेली असणे आवश्यक आहे.

कंपनीची निवड : इतिहासाने दिलेले निकष :

पहिला निकष आर्थिक बळाचा. विमा कंपनीचे शोधनक्षमता प्रमाण, म्हणजेच व्यवसायाच्या भाषेतील सॉल्व्हन्सी, किमान १.५ असणे नियामकाने आवश्यक मानले आहे. सरकारी कंपनी आहे म्हणून हा आकडा पाहण्याची गरज नाही, असे समजू नये. २०१९-२० ते २०२१-२२ या काळात तीन सार्वजनिक विमा कंपन्यांत केंद्र सरकारला एकूण १७,४५० कोटी रुपयांचे भांडवल घालावे लागले. खाजगी कंपनीच्या आकर्षक जाहिरातीलाही हाच निकष लावावा.

दुसरा निकष दाव्यांच्या पूर्ततेचा. कंपनीच्या एकूण आकड्यांत मोटार व आरोग्य विम्याचा वाटा मोठा असतो. म्हणून आगीच्या विभागाचे आकडे वेगळे पाहणे योग्य.

तिसरा निकष पॉलिसी कोणाची आणि कशाची, हा. गृहकर्जासोबत येणारी पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या जीविताची असते. घर पडल्यास तिचा उपयोग नसतो. ठरावीक कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती बँक करू शकत नाही, हेही कर्जदाराला ठाऊक असावे.

चौथा निकष कागदपत्रांचा. गावठाणातील वडिलोपार्जित घर अनेकदा आजोबांच्या नावावर असते आणि नांदतात तीन भाऊ. विम्यासाठी मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध दाखवावा लागतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्याने ही जुनी अडचण दूर होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

निष्कर्ष :

१) घराचा विमा व्यापारी माल आणि कर्ज यांच्या मार्गाने आला. त्यामुळे ज्या घरावर कर्ज नव्हते ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले.
२) २००६ पर्यंत दर केंद्रीय पातळीवर ठरत असल्याने निवड करण्याची सवय ग्राहकांत विकसित झाली नाही.
३) आजचा हप्ता बहुतांश पक्क्या घरांच्या मालकांना परवडणारा आहे. खरा अडथळा माहिती, कागदपत्रे आणि विश्वास यांचा आहे.
४) शासकीय मदत आवश्यक असली तरी ती घर पुन्हा बांधण्यास पुरेशी नाही.

शिफारशी :

ग्रामपंचायतींनी मिळकत पत्रिका वाटपाच्या वेळीच घराच्या विम्याची माहिती द्यावी. गवत, बांबू, ताडपत्री यांच्या कच्च्या घरांना विमा व्यवसाय वेगळ्या वर्गात मोडतो. त्या घरांसाठी शासनाने सामूहिक विम्याचा विचार करावा, कारण सर्वाधिक धोका त्यांनाच आहे. कंपनीकडे केलेली लेखी तक्रार फेटाळली गेल्यास अथवा तिला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, तसेच ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. ही माहिती महाविद्यालयांच्या विस्तार कार्यक्रमांतून गावोगावी पोहोचविता येईल. पीक विम्याने जिल्ह्यातील शेतकऱ्याला अर्ज भरणे, सूचना देणे आणि दाव्याचा पाठपुरावा करणे शिकविले आहे. हे कष्टाने मिळविलेले ज्ञान शेतातून घरापर्यंत आणणे, हे आता शिक्षक आणि अभ्यासकांचे काम आहे.