हक्कांची सनद आणि सत्तेची रचना

इ. स. १७८७ च्या १७ सप्टेंबर रोजी फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर सह्या झाल्या, तेव्हा तिच्यात नागरिकांच्या हक्कांची स्वतंत्र सनद नव्हती. ही उणीव नजरचुकीने राहिली नव्हती. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी पाच दिवस आधी अशा सनदेचा आग्रह धरला होता. परंतु एकाही राज्याने अनुकूल मत दिले नाही. १७७६ साली आपल्या राज्याच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे मेसन अखेर सही न करताच परतले.

घटनाकार हक्कांविषयी बेफिकीर होते असे मात्र नव्हे. त्यांचा भरवसा सत्तेच्या रचनेवर होता. कायदे काँग्रेसने करावेत, अध्यक्षाने ते नाकारावेत, आणि दोन तृतीयांश मतांनी काँग्रेसने तो नकारही ओलांडावा, अशा योजनेत सत्तेनेच सत्तेला आवर घालावयाचा होता. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे म्हणणे असे की, केंद्राला जो अधिकार दिलेलाच नाही, तो वापरू नये असे लिहिणे धोक्याचे आहे. कारण त्या निषेधावरूनच अधिकाराचे अनुमान निघेल. तर्क बिनतोड दिसतो. परंतु बंदीप्रत्यक्षीकरणाच्या हक्काचे संरक्षण आणि पूर्वलक्षी दंडकायद्यांचा निषेध घटनेत आधीच लिहिलेला होता. मग उरलेल्या हक्कांनीच मौनात का राहावे, हा विरोधकांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता.

१७८८ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्सने घटनेस मान्यता दिली ती १८७ विरुद्ध १६८ अशा निसटत्या बहुमताने, आणि दुरुस्त्यांची शिफारस जोडूनच. जेम्स मॅडिसन यांना लेखी हक्क म्हणजे कागदी तटबंदी वाटत असे; तरी ८ जून १७८९ रोजी त्यांनीच दुरुस्त्या प्रतिनिधिगृहात मांडल्या. न्यायालये या हक्कांची राखण करतील, अशी आशा त्यांनी तेव्हा व्यक्त केली. सदसद्विवेकबुद्धीचे व मुद्रणाचे स्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यांतील ज्यूरीचा हक्क घटकराज्यांनीही मोडू नये, असे एक कलम त्यांत होते. मॅडिसन यांना ते सर्वांत मोलाचे वाटे. सिनेटने नेमके तेच गाळले. राज्यांकडे गेलेल्या बारांपैकी दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ पर्यंत संमत झाल्या.

या गाळलेल्या कलमाची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली. बाल्टिमोर शहराने केलेल्या कामांमुळे एका मालकाचा धक्का गाळाने निकामी झाला. त्याने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा १८३३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की, ही सनद केवळ केंद्रसत्तेला बांधते. दक्षिणेतील राज्यांनी गुलामगिरीविरोधी लेखनावर निर्बंध घातले, तेव्हाही ही सनद त्यांच्या आड येऊ शकत नव्हती. आणि जे गुलाम होते त्यांना तर हक्कच नव्हते.

यादवी युद्धानंतर, १८६८ साली, चौदाव्या दुरुस्तीने राज्यांवर बंधन आले. तरीही भाषण व मुद्रण यांचे स्वातंत्र्य राज्यांपासूनही संरक्षित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने गृहीत धरावयास १९२५ साल उजाडले. आणि त्याही खटल्यात आरोपीची शिक्षा कायमच राहिली.

तात्पर्य, मेसन आणि हॅमिल्टन या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. न लिहिलेला हक्क न्यायालयात मागणे कठीण असते. परंतु लिहिलेला हक्क कोणत्या सत्तेला बांधतो, हे त्या सत्तेच्या रचनेवरूनच ठरते. हक्कांची यादी वाचताना हा दुसरा प्रश्न विसरून चालत नाही.