मॅडिसन हेमिंग्जचे वंशज आणि न उघडलेली कबर

१३ मार्च १८७३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ या लहानशा वृत्तपत्रात ६८ वर्षांच्या एका सुताराचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव मॅडिसन हेमिंग्ज. तो जन्माने गुलाम होता. आपली आई सॅली हेमिंग्ज आणि आपले वडील अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, असे त्याने त्यात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले होते. पुढची सव्वाशे वर्षे बहुतेक इतिहासकारांनी त्याचे म्हणणे बाजूला सारले.

जेफरसन म्हणजे ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असे म्हणणाऱ्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक, आणि त्याच वेळी व्हर्जिनियातील मॉंटिचेलो येथील शेकडो गुलामांचे मालक. त्यांची पत्नी मार्था १७८२ मध्ये वारली. सॅली ही मार्थाच्या वडिलांना एका गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी, म्हणजे मार्थाची सावत्र बहीण. १७८७ मध्ये जेफरसन पॅरिसला राजदूत असताना त्यांच्या धाकट्या मुलीच्या सोबतीला १४ वर्षांच्या सॅलीला पाठवण्यात आले.

फ्रान्सच्या भूमीवर तिला स्वातंत्र्य मागता आले असते. मॅडिसनच्या कथनानुसार तिने तसे बोलूनही दाखवले; पण होणारी मुले २१ व्या वर्षी मुक्त केली जातील, या वचनावर ती १७८९ मध्ये परतली. किशोरवयीन गुलाम मुलगी आणि तिचा मालक यांच्यातील या व्यवहाराला ‘करार’ म्हणताना कोणाचाही हात अडखळावा.

सॅलीची चार मुले जगली : बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन. जेफरसनच्या शेतीच्या नोंदवहीत त्यांचे जन्म आहेत, वडिलांचे नाव नाही. कायद्याला त्याची गरजही नव्हती. आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत दासीच्या पोटी झालेल्या संततीला निदान ‘लेकावळा’ असे एक वेगळे नाव तरी मिळे. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने तो प्रश्नच मिटवला होता : आई गुलाम, तर मूल गुलाम. बाप कोण, हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

तरीही कुजबुज होतीच. १८०२ मध्ये जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने ती छापली. जेफरसन यांनी त्यावर जाहीर उत्तर दिले नाही. पुढे त्यांच्या नातवंडांनी कार नावाच्या भाच्यांकडे बोट दाखवले, आणि चरित्रकारांना ते सोयीचे वाटले. नातवंडांचा शब्द ग्राह्य, मुलाचा शब्द मात्र ‘ऐकीव’, असा हा न्याय होता. १९९७ मध्ये विधिज्ञ व इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी आपल्या ग्रंथात नेमके यावरच बोट ठेवले. प्रत्येक मुलाच्या जन्माच्या नऊ महिने आधी जेफरसन मॉंटिचेलोतच होते, ही गोष्टही नोंदींवरून दिसत होती.

मग १९९८ साल आले. निवृत्त रोगनिदानतज्ज्ञ युजीन फॉस्टर यांनी डीएनए चाचणीचे ठरवले. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते, त्यामुळे अखंड पुरुषवंश हवा. जेफरसन यांच्या विवाहातून एकही मुलगा जगला नव्हता. म्हणून त्यांचे चुलते फील्ड जेफरसन यांच्या वंशातील पाच पुरुषांचे रक्त घेतले. शिवाय कार घराण्यातील तीन, सॅलीचा थोरला मुलगा म्हणवल्या जाणाऱ्या थॉमस वुडसनच्या वंशातील पाच, आणि एस्टनचा एक वंशज.

‘नेचर’मध्ये नोव्हेंबरात निकाल आला. एस्टनच्या वंशजाचे गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळले. कार बाद झाले. वुडसनही जुळले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आपण जेफरसनवंशी आहोत असे सांगत आलेल्या कुटुंबाच्या पदरी हे आले.

येथील विपर्यास पाहण्यासारखा आहे. एस्टन १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला गेला, त्याने ‘जेफरसन’ आडनाव लावले आणि त्याचे कुटुंब गोऱ्या समाजात मिसळून गेले. विसाव्या शतकात त्या घरात मुलांना सांगितले जाई, की आपण जेफरसनच्या एका चुलत्याचे वंशज. ज्यांनी मूळ दडवले त्यांना पुरावा मिळाला. मॅडिसनची शाखा कृष्णवर्णीय समाजात राहिली आणि तिने आठवण जपली. पण चाचणीला लागणारा पुरुषवंश तिच्यात हयात नव्हता.

एकच वाट होती. मॅडिसनचा मुलगा विल्यम यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला सैनिक. कॅन्ससमधील लेव्हनवर्थच्या सैनिकी दफनभूमीत त्याची कबर सापडली. जेफरसन हेच पिता, हे न मानणाऱ्या मंडळींनी आग्रह धरला, की ती उकरून अवशेषांची चाचणी करावी. संमती वंशजांनी द्यायची होती.

त्यांनी ती दिली नाही. आपल्या घराण्याला काही सिद्ध करायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांनी त्यात भीती पाहिली, आणि वुडसन कुटुंबाचे उदाहरण समोर असताना भीती असती तरी ती समजण्याजोगी होती. पण चाचणीने मिळणार तरी काय होते? गुणसूत्र जुळले असते, तरी ते थॉमसचे की त्यांचा भाऊ रँडॉल्फचा, हे त्यावरून ठरले नसते; एस्टनच्या निकालावर हाच आक्षेप आला होता. जुळले नसते, तर मॅडिसन कायमचा खोटा ठरला असता. शिवाय मॉंटिचेलोच्या दफनभूमीतील थॉमस जेफरसनची कबर कोणी उघडली नाही. पुराव्यासाठी हाडे मागितली गेली ती गुलामाच्या मुलाच्या मुलाची.

मॉंटिचेलो चालवणाऱ्या प्रतिष्ठानच्या समितीने जानेवारी २००० मध्ये चाचणी, नोंदी आणि साक्षी एकत्र तपासून निष्कर्ष काढला : एस्टनचे वडील जेफरसन असण्याची शक्यता फार मोठी, आणि बहुधा सॅलीच्या सर्वच मुलांचे. २००१ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासमंडळाने, एका सदस्याचा अपवाद वगळता, तो अमान्य केला. ज्यांच्या ताब्यात मॉंटिचेलोची कौटुंबिक दफनभूमी आहे त्या वंशज-संघाने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना सदस्यत्व नाकारले.

२०१८ मध्ये मॉंटिचेलो येथे सॅलीच्या आयुष्यावरचे दालन खुले झाले. तिचे एकही चित्र उपलब्ध नाही, तिने लिहिलेली एकही ओळ नाही. तेथे तिची कथा सांगितली जाते ती मॅडिसनच्या १८७३ मधील शब्दांतून.