पुसलेली पट्टी

खानदेशातल्या व्हीसीडीवरच्या करमणुकीबद्दल लिहायला घेतले, तेव्हा मजकुरापेक्षा चित्रांनीच दमवले. चित्रपटविषयक ग्रंथांत आपण ज्यांना ‘दृश्ये’ म्हणतो ती पुष्कळदा चित्रपटातली नसतातच. चित्रीकरणाच्या वेळी स्थिरचित्रकार स्वतःच्या कॅमेऱ्याने ती वेगळी टिपतो. थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लागायचे ते हेच फोटो. पण २००० नंतरच्या दशकात धुळे-जळगावच्या बाजारांत खपलेली अहिराणी गाणी आणि विनोदी नाट्ये, किंवा आग्रा रोडने तासाभरावर असलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी केलेला ‘मालेगाव के शोले’, हा सगळा तुटपुंज्या पैशांत व्हिडिओ कॅमेऱ्यावर उभा राहिलेला उद्योग. तिथे स्थिरचित्रकार कोण ठेवणार? इतिहासकाराच्या हाती उरते ती तबकडी. ती संगणकात घालायची, हवे तिथे थांबवायची आणि चौकट उचलायची.

ही चौकट असते ३५२ बाय २८८ बिंदूंची. छापखान्याच्या ३०० डीपीआयच्या हिशेबाने रुंदी जेमतेम सव्वा इंच. म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढी. शिवाय ती आहे तशी छापली तर चेहरे लांबुडके दिसतात, रुंदी ३८४ केल्यावर माणसे ओळखीची होतात. खरी गोम मात्र पुढे आहे. जागा वाचवण्यासाठी व्हीसीडीवर साधारण अर्ध्या सेकंदाला एकच चौकट पूर्ण साठवलेली असते, मधल्या चौकटींत फक्त फरक नोंदवलेला असतो. त्यामुळे नट पळाला, पडला, वळला की त्याचे चौकोनी तुकडे होतात. छापण्याजोगी चौकट मिळते ती माणूस गप्प उभा असतानाची. ज्या नाट्यांचा जीवच धावपळ आणि आदळआपट, त्यांची आपल्या लेखांत छापलेली चित्रे म्हणूनच एखाद्या साक्षगंधातल्या फोटोसारखी दिसतात! वाचकाचा तेवढ्यापुरता गैरसमज आपणच करून देतो. मी तर आता थोडी फुटलेली, पण पळणारी चौकट पसंत करतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. जळगावच्या बाजारातून आणलेल्या एका तबकडीतली चौकट मी साफ करायला घेतली. खाली विक्रेत्याचे नाव आणि फोन नंबर असलेली पिवळी पट्टी होती. डोळ्यांना खुपली, म्हणून क्लोन स्टॅम्पने शेजारची माती तिच्यावर पसरली आणि फाइल त्याच नावाने साठवली. चित्र देखणे झाले. दोन महिन्यांनी प्रश्न पडला, हे नाट्य बाजारात आणले कोणी? वेष्टन नव्हते, श्रेयनामावली अर्धवट होती. उत्तर त्या पट्टीत होते.

अशी गफलत मोठ्या ठिकाणीही होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांतल्या चौकटी आपण १९१३ च्या म्हणून बिनदिक्कत छापतो, त्यांतला भाग १९१७ च्या पुनर्निर्मितीतला असावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. निदान तिथे वाद घालायला रिळे शिल्लक आहेत.

मी तबकडी पुन्हा लावून पाहिली. पहिली काही मिनिटे चालली, मग चित्र गोठले. पट्टी त्यापुढे कुठेतरी येत होती. हल्ली प्रत्येक चौकटीच्या दोन प्रती ठेवतो. एक छापण्यासाठी, दुसरी निघाली तशीच, फाइलच्या नावात मिनिट आणि सेकंद लिहून. ती जळगावची तबकडी मात्र आता संगणकाला दिसतही नाही.