अनाहूत संदेश आणि कर्जत-खालापूरची जमीन

(१) संशोधकांच्या रुमालांत आज जे कागद मोलाचे ठरतात, त्यांतील पुष्कळसे लिहिणाऱ्यानें जपण्यासाठीं लिहिलेच नव्हते. बाजारभावाच्या याद्या, हुंड्यांच्या नकला, कौलांचे मसुदे हे काम संपतांच टाकाऊ समजले गेले, आणि टाकण्याचा आळस झाला म्हणूनच ते आपल्या हातीं आले. सांप्रत टाकाऊ लेखांची एक नवी जात उत्पन्न झाली आहे. परंतु ती कागदावर नसल्यामुळें केवळ आळसानें वांचेल असा संभव नाहीं. ई-मेलनें व मोबाईलवर न मागतां येणारे व्यापारी संदेश, ती ही जात होय. लोकव्यवहारांत यांस स्पॅम म्हणतात. प्रस्तुत लेखांत आम्हीं 'अनाहूत संदेश' हा शब्द योजिला आहे. या संदेशांचें पूर्ववृत्त काय, त्यांचा खर्च कोण सोसतो, आणि इतिहासाचें साधन या नात्यानें त्यांची किंमत काय, या तीन प्रश्नांचा कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या संबंधानें येथें विचार कर्तव्य आहे.

(२) जमिनीवर माणसें बोलावण्याची रीत आपल्या देशांत नवी नाहीं. ओसाड गांव वसवावयाचें अगर नवी पेठ भरवावयाची झाल्यास सरकारांतून कौल दिला जात असे. कोणास बोलाविलें, किती वर्षें सूट, पुढें इस्ताव्यानें सारा कसा चढत जाईल, हें त्यांत नमूद असे, आणि त्यावर शिक्का असे. जें सर्वांस कळवावयाचें तें दवंडीनें कळविलें जाई. दवंडी पिटणारा गांवचाच असल्यामुळें बोलणें खोटें ठरल्यास त्यास गांवापुढें तोंड दाखवावें लागे. कौल ही एका अर्थीं जाहिरातच होती. परंतु तींत दोन गांठी पक्क्या होत्या. देणारा आपल्या शब्दानें बांधला जाई, ही पहिली. आणि घेणारा कोण हें देणाऱ्यास ठाऊक असे, ही दुसरी. या दोन गांठी कशा सुटत गेल्या, हाच या विषयाचा इतिहास होय.

(३) दुसरी गांठ प्रथम सैल झाली, व ती टपालानें. १८५४ सालीं हिंदुस्थानभर एकच दर ठरून पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत कितीहि अंतरावर जाऊं लागलें. १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय झाली, आणि १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड निघालें. पत्ता ठाऊक असला म्हणजे ओळख असण्याचें कारण उरलें नाहीं. दूरच्या व्यापाऱ्यानें अनोळखी मनुष्यास सूचीपत्र धाडावें व माल व्ही. पी. नें पाठवावा, हा व्यवहार शक्य झाला.

त्याच सुमारास आगगाडी या प्रांतांत आली. मुंबई-ठाणें ही वाट १८५३ सालीं सुरू झाली व १८५६ सालीं गाडी खोपोलीपर्यंत पोहोंचली. त्या काळच्या इंग्रजी कागदांत खोपोलीचें नांव 'कॅम्पूली' असें येतें, हें शोधकांनीं ध्यानांत ठेवावें. १८६३ सालीं बोरघाटांतून रूळ वर गेले. माथेरान १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेस आलें, आणि १९०७ सालीं नेरळहून तेथें लहान गाडी जाऊं लागली. मुंबईच्या धनिकांनीं हवेसाठीं बंगला बांधावा, अशी या तालुक्यांतील जमिनीची पहिली मोठी मागणी माथेरानची होय.

तथापि टपालाच्या काळांत एक लगाम शिल्लक होता, तो खर्चाचा. हजार कार्डें धाडावयाचीं तर अडीचशें आणे, म्हणजे पंधरा रुपये दहा आणे लागत. शिवाय छपाई निराळी. हा भार पाठविणाऱ्याच्या पदरीं असल्यामुळें तो माणसें निवडूनच पत्रें धाडी. तारेचा खर्च तर याहून अधिक. लंडन येथें १८६४ सालीं एका दंतवैद्याच्या दुकानाची जाहिरात तारेनें मोठमोठ्या गृहस्थांच्या घरीं गेली, तेव्हां तिची तक्रार टाइम्स पत्रांत छापून आली. न मागतां आलेल्या जाहिरातीचा वैताग हा गणकयंत्रानें उत्पन्न केलेला नव्हे, एवढें यावरून दिसतें.

(४) हा लगाम ई-मेलनें तोडला. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनीं आपल्या यंत्रांची जाहिरात सुमारें ४०० जणांस एकदम पाठविली. अनाहूत ई-मेलचा आरंभ येथून धरितात. हिंदुस्थानांत सामान्य लोकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. नव्या साधनाचें मर्म असें कीं, पहिला संदेश पाठविण्यास जें पडतें त्याहून लाखावा पाठविण्यास जवळजवळ कांहींच अधिक पडत नाहीं. निवड करण्याचें कारणच उरत नाहीं. खर्च नाहींसा होत नाहीं, तो केवळ घेणाऱ्याकडे सरकतो.

या सरकलेल्या खर्चाचें माप विद्वानांनीं घेतलें आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा संदेशांच्या एका जाळ्यांत शिरून केलेली मोजणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. औषधांच्या जाहिरातीचे सुमारें ३५ कोटी ई-मेल सुटले असतां खरेदीस तयार झालेलीं गिऱ्हाइकें अवघीं २८ निघालीं. २०१२ सालीं जस्टिन राव व डेव्हिड रायली या अर्थशास्त्रज्ञांनीं असा अंदाज दिला कीं, अनाहूत ई-मेलमुळें अमेरिकेंतील कंपन्या व लोक यांस वर्षास सुमारें २,००० कोटी डॉलरांचा भार पडतो, आणि पाठविणारे व त्यांचे विक्रेते यांस साऱ्या जगांतून मिळतात ते सुमारें २० कोटी डॉलर. म्हणजे एकानें एक रुपया मिळवावा यासाठीं इतरांचे शंभर खर्ची पडतात.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, जाहिरातीवांचून व्यापार नाहीं व वर्तमानपत्रेंहि नाहींत. ही गोष्ट खरी आहे. परंतु वर्तमानपत्रांतील जाहिरातीचे पैसे व्यापारी मोजतो, त्यांतून छपाईचा खर्च भागतो व वाचकास अंक स्वस्त मिळतो. वाचकाच्या वेळेचा कांहीं मोबदला त्यास परत येतो. अनाहूत संदेशांत असा मोबदला नाहीं. दोहोंस जाहिरात हें एकच नांव असलें तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीनें हे दोन भिन्न व्यवहार आहेत.

(५) आतां प्रस्तुत प्रांताकडे वळूं. मुंबई व पुणें यांमधील लोहमार्ग व राजमार्ग यांवर हे दोन तालुके वसले आहेत. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगती मार्गहि खालापुरांतून जातो. त्यामुळें येथील जमीन, बंगल्याचे प्लॉट व फार्महाउस हा अनाहूत संदेशांचा नेहमींचा विषय होऊन बसला आहे. या संदेशांची घडण ठराविक असते. अंतर कोसांत अगर किलोमीटरांत न सांगतां मिनिटांत सांगतात. डोंगराचें दर्शन, नदीचा कांठ व मासिक हप्ता यांचा उल्लेख करितात. प्रकल्पास परदेशी थाटाचें नांव देतात. मूळ गांवाचें नांव पुष्कळदां गाळून सर्वत्र 'कर्जत' एवढेंच घालतात. शिवारांचीं, ओढ्यांचीं व पाड्यांचीं नांवें ज्या पिढींत कागदावरून जातात, तिच्या पुढील पिढींत तीं जिभेवरूनहि जातात, हें स्थलनामांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

संदेश काय गाळतो हेंहि पाहण्याजोगें आहे. बिगरशेतकऱ्यास शेतजमीन परवानगीवांचून घेतां येऊं नये, असें १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमानें ठरविलें. संदेश मात्र शेतकरी व बिगरशेतकरी हा भेद न जाणतां सर्वांस सारखाच जातो. डोंगराचें दर्शन हा ज्या प्रांतांत विक्रीचा गुण ठरतो, त्याच खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाखालील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखालीं गाडली गेली. जाहिरातींतील डोंगर व वस्तीवरचा डोंगर हे एकच होत. पुढील इतिहासकारास दोन्ही कागद शेजारीं ठेवूनच वाचावे लागतील.

सुटलेल्या गांठी पुन्हां बांधण्याचा यत्न कायद्यानें केला आहे. घेणाऱ्याची इच्छा विचारांत घ्यावी यासाठीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००७, २०१० व २०१८ सालीं नियम केले. २०२५ च्या दुरुस्तीनें पाठविणाऱ्याच्या नांवापुढें जाहिरातीस पी, सेवेस एस, व्यवहारास टी व सरकारी संदेशास जी हें अक्षर जोडण्याचें ठरलें. लेखाची जात शिक्क्यावरून ओळखावी, या जुन्या पद्धतीचेंच हें रूप होय. हे नियम दूरध्वनी व मोबाईलपुरते आहेत. ई-मेलविषयीं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमांत उपद्रवी व उगम लपविणाऱ्या पत्रांचा उल्लेख होता. परंतु तें कलम विचारस्वातंत्र्यास बाधक म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं रद्द केलें. देणाऱ्यास त्याच्या शब्दानें बांधण्याचें काम २०१६ च्या रेरा कायद्यानें हातीं घेतलें. त्यानें नोंदणीवांचून जाहिरात करण्यास मनाई केली, व खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे देणाऱ्यास भरपाईचा हक्क दिला. ५०० चौरस मीटरांपर्यंतच्या जागेस नोंदणीची सूट आहे. महारेरानें १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला.

(६) साधनपरीक्षेच्या दृष्टीनें हे लेख वाटतात तितके नवखे नाहींत. पेशवेकालीन पत्रावर तें कोणत्या तारखेस पोहोंचलें हें 'पैवस्ती' म्हणून लिहून ठेवीत, आणि त्यावरून कालनिर्णयास केवढें साह्य होतें हें वाचक जाणतातच. ई-मेलच्या पूर्ण हेडरांत अशीच नोंद असते. पत्र ज्या ज्या सर्व्हरवरून येतें तो तो आपली पैवस्ती वेळेसह वरच्या बाजूस जोडीत जातो. म्हणून ती खालून वर वाचावी. मात्र पाठविणाऱ्याचें नांव बनावट असूं शकतें, आणि आपल्या सर्व्हरच्या नोंदीखालील ओळीहि बनावट असूं शकतात. १८५२ च्या कायद्यानें नेमलेल्या इनाम कमिशनापुढें सनदा पारखतांना जी सावधगिरी लागे, तीच येथेंहि लागते.

(७) राजवाडे यांनीं रद्दींत जाणारे कागद वांचविण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें अशा कागदांस घर मिळावें म्हणून. त्याच न्यायानें आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, या दोन तालुक्यांच्या जमिनीसंबंधीं येणारे संदेश निदान नमुन्यादाखल तरी उतरून ठेवावे. प्रत्येकावर मिळाल्याची तारीख, पाठविणाऱ्याची ओळख व पूर्ण हेडर असावें. रेरा क्रमांक असल्यास तो अवश्य टिपावा. कारण प्रकल्पाच्या परदेशी नांवापासून मूळ गांव व गट क्रमांक यांपर्यंत पोहोंचण्याची तीच एक वाट आहे. संदेश प्रकल्पवार न लावतां गांववार लावावे, म्हणजे जुन्या दप्तरांशीं त्यांचा मेळ बसेल. जुनें दप्तर पाहतांना हें विसरूं नये कीं, कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता व खालापूर हा त्याचाच पेटा होता. यास्तव त्यापूर्वींचे कागद ठाण्याच्या दप्तरांत शोधावे लागतात. घरांत येणारीं छापील पत्रकेंहि त्याच रुमालांत बांधावीं. खरेदीखतावरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली एवढें कळेल. ती कोणत्या शब्दांनीं विकली गेली, काय सांगितलें व काय गाळलें, हें मात्र आपण आज पुसून टाकतों त्या संदेशांवांचून पुढें कोणास कळावयाचें नाहीं.